मूल हवं की नको, हेच ठरत नसेल तर

लग्नाला तीन-चार वर्षं झाली की ‘मग, चान्स घेताय की नाही?’ सुरू होतं. ज्यांचं हो ठरलंय किंवा नाही ठरलंय, त्यांना काहीतरी उत्तर देता येतं. पंचाईत होते ती ‘खरंच माहीत नाही’ म्हणणाऱ्या बाईची. तिला दोनच सल्ले मिळतात. ‘होऊन जाऊ दे एकदाचं, झालं की माया सुटते’ हा एक, आणि ‘मनापासून वाटेल तेव्हाच बघ’ हा दुसरा. पहिल्याचा भरवसा देणाऱ्यांना रात्री उठावं लागत नाही, आणि दुसरा ऐकून वाट बघता बघता चाळिशी येते. या दोन्हींपेक्षा बरा मार्ग म्हणजे बसून काम करणं. त्याला साधारण तीन महिने आणि एक वही लागते.

आधी प्रश्न सुटे करा

वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहा. मूल वाढवायचं आहे का? ते आपल्याच पोटी यायला हवं का? याच माणसाबरोबर वाढवायचं आहे का? येत्या दोन वर्षांत हवं आहे का? प्रत्येकीपुढे हो, नाही किंवा माहीत नाही, एवढंच. स्पष्टीकरण नको.

‘माहीत नाही’ कुठे येतं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. फक्त चौथ्या ओळीवर आलं, तर तुमचा प्रश्न मातृत्वाचा नाही, तारखेचा आहे. थेट शरीराच्या हिशेबाकडे जा. दुसऱ्या ओळीवर आलं, तर बहुतेकदा खाली बाळंतपणाची भीती असते. ती इतकी तीव्र असू शकते की बाई गरोदरपणच टाळत राहते. त्यावर समुपदेशनाचा उपयोग होतो, म्हणून भीतीला नकार समजून मोकळं होऊ नका. तिसऱ्या ओळीवर अडलं असेल, तर मुलाचा विषय बाजूला ठेवून आधी संसाराचं बघावं लागेल. पहिल्याच ओळीवर अडलेल्या बाईसाठी मात्र पुढचं सगळं आहे.

दुसऱ्या पानावर बाजूची आणि विरोधातली कारणं लिहा, आणि प्रत्येकासमोर ते वाक्य पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलं त्याचं नाव. ‘म्हातारपणी कोण बघणार’: आत्या. ‘करिअर संपतं’: ऑफिसातली मैत्रीण. ‘घराला घरपण येत नाही’: सासूबाई. दुसऱ्याने सांगितलेलं कारण खोटंच असतं असं नाही. पण ते तुम्हाला पटलंय की नुसतं पाठ झालंय, हे नाव लिहिल्यावर कळतं. जे पटलेलं नाही त्यावर काट मारा. बहुतेकींच्या पानावर त्यानंतर फार थोडं उरतं.

एक सूचना. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कशातच रस नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर वही मिटा आणि आधी उपचार घ्या. नैराश्यात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ‘नको’ असंच येतं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

शरीराचा हिशेब

वयाचे आकडे भीती घालायला वापरले जातात, म्हणून काही जणी ते बघतच नाहीत. बघावेत, त्यातून मुदत निघते. पंचविशीच्या आसपास दर महिन्याला दिवस जाण्याची शक्यता २० ते २५ टक्के असते, चाळिशीला ती सुमारे ५ टक्क्यांवर येते. आपोआप गर्भपात होण्याचा धोका तिशीच्या आत साधारण १० ते १५ टक्के, चाळिशीत तो तिनात एकाच्या घरात जातो. डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ होण्याची शक्यता ३५व्या वर्षी साडेतीनशेत एक असते, ४०व्या वर्षी शंभरात एक.

या सगळ्याची गोळाबेरीज नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१५ साली संगणकावर करून ठेवली आहे. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) न करता एक मूल होण्याची ९० टक्के खात्री हवी असेल, तर प्रयत्न ३२व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असावेत. दोन मुलांसाठी २७व्या. ७५ टक्क्यांवर समाधान असेल तर हेच आकडे ३७ आणि ३४ होतात. ५० टक्क्यांवर ४१ आणि ३८. ज्या बाईला ‘एक किंवा शून्य, दोन नक्की नाहीत’ एवढं माहीत आहे, तिने आमच्या मते ७५ टक्क्यांची ओळ धरावी. म्हणजे ३७. त्यातून तपासण्या आणि तयारीचे सहा महिने वजा करा आणि ती तारीख वहीत लिहा. पाळी अनियमित असेल, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) असेल, किंवा आईची पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल तर हा हिशेब लागू होत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना आत्ताच भेटा.

मुदत म्हणजे ‘त्या दिवशी हो म्हणायचं’ असं नाही. त्या दिवसानंतर ‘नंतर बघू’ हे उत्तर उरत नाही, एवढंच.

आता एएमएच या हार्मोनच्या रक्ततपासणीबद्दल. लॅबच्या पॅकेजमध्ये ही तपासणी हल्ली सर्रास असते आणि रिपोर्ट हातात पडला की घरात रडारड होते. एएमएचवरून अंडाशयात बीजं साधारण किती उरली आहेत याचा अंदाज येतो. त्यांचा दर्जा कळत नाही. ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायकांवरचा एक अमेरिकन अभ्यास २०१७ साली आला. त्यात एएमएच कमी असलेल्यांना दिवस जाण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं नाही. तेव्हा आकडा कमी आला म्हणून घाईने हो म्हणू नका, आणि भरपूर आला म्हणून चाळिशीपर्यंत निवांतही राहू नका. बीजं गोठवायची असतील किंवा आयव्हीएफचा विचार असेल तेव्हाच ही तपासणी कामाची, आणि तेव्हाही पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांतल्या सोनोग्राफीसोबत.

त्यापेक्षा उपयोगाच्या तपासण्या साध्या आहेत: हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, रक्तगट, रुबेलाची प्रतिकारशक्ती. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात. घराणं विदर्भातलं किंवा नंदुरबार-धुळ्याकडचं असेल तर सिकलसेल, सिंधी, कच्छी किंवा लोहाणा असेल तर थॅलेसेमियासाठी एचबीए२ ही रक्ततपासणी जरूर करा. हे रक्ताचे आनुवंशिक आजार आहेत; दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि ते आधी कळलेलं बरं. नवऱ्याची वीर्यतपासणीही याच फेरीत उरका. आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत, एवढंच पथ्य. बाईची वर्षभर तपासणी आणि पुरुषाची सगळ्यात शेवटी, हा आपल्याकडचा क्रम उलटा आहे.

बीजं गोठवण्याची जाहिरात ‘विम्या’सारखी होते, तो विमा नव्हे. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, मग भूल देऊन बीजं काढणं, खर्च लाखांत. सगळ्या बीजांचं मूल होत नाही. कायद्याने ती दहा वर्षंच ठेवता येतात. तिसऱ्या ओळीवर, म्हणजे जोडीदारावर, अडलेल्या ३२ ते ३५ वर्षांच्या बाईने विचार करावा. बाकीच्यांनी निर्णय पुढे ढकलण्यासाठी पैसे भरू नयेत.

एक महिना ‘हो’, एक महिना ‘नाही’

हा या सगळ्याचा गाभा. एक पाळी ते पुढची पाळी, पूर्ण चक्रभर, ‘आपलं हो ठरलंय’ असं धरून राहायचं. पुढचं चक्र ‘नाही ठरलंय’ असं धरून. पंधरवडा-पंधरवडा करू नका: पाळीच्या आधीचा आठवडा कोणत्या तरी एकाच बाजूला येतो आणि ती बाजू विनाकारण काळी दिसते. पाळी अनियमित असेल तर चार-चार आठवडे धरा. घरात कुणाचं बारसं, डोहाळजेवण किंवा आजारपण असेल तो महिना टाळा. नवऱ्याशिवाय कुणालाही सांगू नका.

‘हो’च्या महिन्यात हो ठरलेली माणसं करतात ती कामं करायची. जवळची तीन पाळणाघरं प्रत्यक्ष बघून या. कंपनीचं रजेचं धोरण वाचा. पाळणा कुठे बसेल ते टेप लावून मोजा. ‘नाही’च्या महिन्यात पुढच्या दहा वर्षांच्या पैशाचा आराखडा करा, जे शिकायचं किंवा जिथे राहायला जायचं राहून गेलंय त्याची चौकशी करा, साठीत आजारी पडलात तर दवाखान्यात कोण नेईल याची नावं लिहा. हे शेवटचं सगळ्यांना जड जातं. जड जाणं हे नकाराविरुद्धचं कारण नाही. मूल असलेल्यांनीही ही यादी करायला हवी, ते करत नाहीत एवढंच.

दोन्ही महिने रोज सकाळी, फोन हातात घेण्याआधी, तीन ओळी. जाग आल्यावर पहिलं काय आलं मनात? काय करावंसं वाटलं? कशाची चिडचिड झाली? आठवड्यातून एकदा एक जास्तीचं पान: घरात आठ वर्षांचं मूल आहे आणि गृहपाठ करत नाहीये, पंधरा वर्षांचं आहे आणि दार लावून बसलंय.

हे जास्तीचं पान चुकवू नका, कारण घोळ बहुतेक तिथेच असतो. काही जणींच्या ‘हो’च्या पानांवर ओटीभरण, नाव, टोपडं, पहिला वाढदिवस असं सगळं असतं आणि दोन वर्षांनंतर वही कोरी. त्यांना बाळ हवं आहे. मूल हवं आहे का, हे अजून ठरायचंय. उलट काही जणींच्या पानांवर नुसती भीतीच भीती, रात्रीची जागरणं, कंबर, रडणं, आणि आठ वर्षांच्या मुलाबरोबर मात्र त्या सहज सायकल शिकवताना दिसतात. त्यांना भीती पहिल्या दोन वर्षांची आहे, आणि दोन वर्षांसाठी माणसं, पैसे, व्यवस्था उभी करता येते.

दोन्ही महिने झाले की आठवडाभर वही बंद ठेवा, मग सलग वाचा. आनंदाच्या ओळी मोजू नका. दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या ओळी बघा. ‘हो’ सोडून ‘नाही’त आल्यावर हलकं वाटलं की काहीतरी हातातून गेल्यासारखं? हलकं वाटलं असेल तरी घाई नको: ते कधीकधी ‘आता कुणी विचारणार नाही’ याचंच हलकेपण असतं. तेच चौथ्या आठवड्यातही टिकलं असेल तर ते तुमचं.

याच काळात एक शनिवार-रविवार भाचा किंवा पुतणी घरी आणा. वय एक ते तीन, शनिवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत, आई-वडील नाहीत, आजीची मदत नाही, तुम्ही दोघंच. मूल गोड आहे का हे बघायचं नाही, ते असतंच. बघायचं ते रविवारी दुपारी चारनंतर. वरणभात तिसऱ्यांदा थुंकून झालेला आहे, सोफ्यावर शू आहे, तुमचा चहा गार झालाय. तेव्हा आवाज कुणाचा चढतो, कोण मोबाइल घेऊन गॅलरीत जातं, आणि ‘रात्री काय भरवायचं’ हे न सांगता कुणाच्या लक्षात येतं? दुसऱ्याच्या मुलावरून स्वतःच्या मुलाची ओढ कळत नाही. पण दिवस कसा जातो आणि नवरा कसा वागतो, हे चोख कळतं.

नवऱ्याशी बोलणी

‘मी मदत करीन’ या वाक्यावर समाधान मानू नका. मदत करणारा माणूस बोलावल्यावर येतो. कागदावर कामं लिहा आणि समोर नाव. सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. ते आईकडेच राहणार. म्हणून ढेकर काढणं, लंगोट, कपडे, रात्रीचं फिरवणं, स्वयंपाक यातलं बरंचसं दुसऱ्याकडे जायला हवं. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी, मग नवव्या महिन्याची: त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ताप येऊ शकतो, कुणाची रजा? मंगळवारी अकरा वाजता पाळणाघरातून ‘ताप आलाय, घेऊन जा’ असा फोन आला तर कोण निघणार? ‘ते तेव्हा बघू’ असं उत्तर आलं तर निघणार तुम्ही, असं समजा. आणि बोलण्यावर न जाता आत्ताच महिनाभर रात्रीचा स्वयंपाक आणि किराणा पूर्ण त्याच्याकडे द्या, आठवण न करता. जे आज होत नाही ते बाळ झाल्यावर होईल, हे गृहीत धरण्यासारखं नाही.

एकाचं हो आणि दुसऱ्याचं नाही असेल तर मधला मार्ग नसतो, अर्धं मूल नसतं. सहा महिन्यांची मुदत घाला आणि जोडप्यांच्या समुपदेशकाकडे जा. मोडत चाललेला संसार सावरायला मूल आणू नका. गोळ्या लपवणं, निरोध काढणं, मारहाण असे प्रकार होत असतील तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि अंतरा इंजेक्शनसारखं दुसऱ्याला न दिसणारं गर्भनिरोधक साधन डॉक्टरांकडून घेता येतं.

पैसा आणि रजा

बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, आणि आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. नवी नोकरी धरायची असेल तर हे ८० दिवस ध्यानात ठेवा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे; ती कागदावर आहे की खरोखर, हे तिथल्या एखाद्या आईला विचारा. वडिलांना केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस मिळतात, खासगीत कंपनी देईल तेवढं. स्वतःचा व्यवसाय असेल तर यातलं काहीच नाही.

हिशेबाची एक सोपी परीक्षा: पाळणाघराची चालू फी अधिक दुधा-औषधाचा अंदाज, एवढी रक्कम तीन महिने दर पगाराला वेगळ्या खात्यात टाका आणि हात लावू नका. त्या तीन महिन्यांत ईएमआय ताणला गेला तर अडचण पैशाची आहे, आणि ती मनाच्या गोंधळात मिसळू नका. पाळणाघर संध्याकाळी किती वाजता बंद होतं हे फीच्या आधी विचारा.

घरच्यांना

‘आमचं ठरलं की पहिलं तुम्हालाच सांगू’, एवढं एकच वाक्य, आणि ज्याची आई त्याने सांगायचं. सूनबाईने सासूला समजवायचं आणि मुलाने तेवढ्यात बाहेर जायचं, असं नको. वेळ मारून न्यायला ‘डॉक्टरांचं चालू आहे’ असं कधीही सांगू नका. त्यानंतर काढे, नवस आणि ओळखीतले वैद्य सुरू होतात ते थांबत नाहीत.

ठरेपर्यंत

न ठरलेल्या काळात ‘जे होईल ते होईल’ वर सोडणं हाही एक निर्णयच असतो, फक्त न घेतलेला. गर्भनिरोधक साधन निवडताना, ते सोडल्यावर दिवस किती लवकर जाऊ शकतात ते बघा. कॉपर-टी काढली की लगेच. ३८०ए प्रकारची दहा वर्षं चालते. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचं असतं, पण बंद केल्यावर दिवस जायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून मुदत जवळ आलेल्यांनी ते टाळावं. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. आज कॉपर-टी सरकारी दवाखान्यात फुकट बसते आणि तरी बायका भीतभीत विचारतात. हो ठरलं तर साधन थांबवण्याच्या किमान महिनाभर आधी फॉलिक ॲसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम. मग ३५च्या आत वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस गेले नाहीत तर डॉक्टर. चाळिशीनंतर थांबूच नका.

ठरण्याआधीच दिवस गेले तर

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंधाच्या दिवसापासून नाही. पाळी चुकली त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करा, गर्भ नळीत नाही ना हे त्यात कळतं. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत होतो, म्हणजे शांतपणे विचार करायला दोन-तीन आठवडे मिळतात. वर दिलेला ‘हो-नाही’ प्रयोग तेव्हा तीन-तीन दिवसांचा करा. गोळ्या दुकानातून आणून घेऊ नका: गर्भ नळीत असेल तर जीवावर बेततं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, साधन निकामी ठरलं हे कारण चालतं, लग्न झालेलं असो वा नसो. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही काही ठिकाणी मागतात, कायदा मागत नाही.

दत्तक, आणि ‘नाही’

पहिल्या ओळीला हो आणि दुसरीला नाही असेल तर दत्तकाची नोंदणी ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक यंत्रणेच्या पोर्टलवर होते. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर दोघांच्या वयाची बेरीज ८५च्या आत, एकटीसाठी वय ४०पर्यंत. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी हेच १०० आणि ५०. रांग काही वर्षांची आहे, तेव्हा चाळिशी उलटल्यावर आठवण येऊन उपयोग नाही.

नाही ठरलं तर लगेच शस्त्रक्रिया करून घेऊ नका, किमान वर्ष जाऊ द्या. सरकारी कार्यक्रमात नसबंदीसाठी किमान एक मूल असण्याची अट आहे, आणि खासगीतही मूल नसलेल्या जोडप्याला बरेच डॉक्टर परत पाठवतात. नवऱ्याची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, पण झाल्यावर तीन महिने दुसरं साधन वापरून मग वीर्यतपासणी करावी लागते. व्यवहारात बहुतेकींना कॉपर-टीच सोयीची पडते. चाळिशीनंतर बसवलेली असेल तर पाळी जाईपर्यंत तीच ठेवता येईल का, हे बसवतानाच विचारून घ्या.